शस्त्रपूजा झाली, शस्त्रविद्येचे काय?

विजयादशमीचा कार्यक्रम नुकताच आटोपला होता. गुंजवणी खोऱ्यातले ते गाव. समोर राजगडाचा बालेकिल्ला ढगांतून डोके वर काढीत होता. पाटावर मांडलेल्या दोन तलवारी, एक गंजलेला दांडपट्टा, कोणाच्या तरी आजोबांची ठासणीची बंदूक आणि त्यांच्याच पंक्तीला कोयते, विळे, नांगराचा फाळ अशी सारी आयुधे हळदकुंकू आणि झेंडूची फुले लेवून बसली होती. सोने लुटून झाले, मंडळी पांगू लागली, तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा एक तरुण जवळ आला. नित्य शाखेत येणारा, कष्टाळू, घरची भातशेती सांभाळणारा. खालच्या आवाजात म्हणाला, "काका, परवाना काढायचा म्हणतोय. पहिलीच वेळ आहे. रायफल कोणती घ्यावी? सेमी-ऑटोमॅटिक बरी ना?"

मी त्याला उलट विचारले, "आजवर कधी बार काढला आहेस?" तो म्हणाला, "नाही. जत्रेत फुगे फोडलेत तेवढेच." "मग सेमी-ऑटोमॅटिकच का?" त्याने मोबाईल काढला आणि एका चित्रपटातील नायकाचे छायाचित्र दाखविले. नायकाच्या हातात रायफल होती, डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि पाठीमागे आग भडकली होती.

मला त्या तरुणाचा राग आला नाही. राग आला तो आपल्या सर्वांचा. ज्या मावळाने स्वराज्याला पहिले शस्त्रधारी हात दिले, त्या मावळातील मुलाला शस्त्राविषयीचे पहिले ज्ञान चित्रपटाच्या पोस्टरवरून मिळावे, हा दोष त्याचा नाही. आपण शस्त्राची पूजा जपली आणि शस्त्राची विद्या सोडली. तेव्हा त्याच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आणि सविस्तर देणे हे आपले कर्तव्य आहे.

कायद्याने दिलेले उत्तर

पहिली गोष्ट अशी की, सामान्य नागरिकाने सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेण्याचा प्रश्न आपल्या देशात जवळजवळ उद्भवतच नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियमांनी शस्त्रांचे वर्ग पाडले आहेत. पिस्तुलांची गोष्ट वेगळी आहे. परंतु सेमी-ऑटोमॅटिक रायफल मुळात निषिद्ध शस्त्रांच्या वर्गात मोडते, आणि निषिद्ध शस्त्र बाळगण्यासाठी केंद्र सरकारची खास परवानगी लागते. जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज टाकून ती मिळत नाही. 'ओळखीने होऊन जाईल' असे कोणी सांगत असेल, तर तो माणूस आपला हितचिंतक नव्हे, एवढे पक्के समजावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निषिद्ध शस्त्र बेकायदा बाळगणाऱ्यास किमान सात आणि कमाल चौदा वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. साध्या विनापरवाना बंदुकीलाही किमान दोन वर्षे आहेत. पंचविशीच्या आत तुरुंगात गेलेला मुलगा बाहेर येतो तेव्हा सैन्यभरतीचे वय उलटून गेलेले असते, बहिणीच्या लग्नात अडचण आलेली असते आणि बापाचे दोन गुंठे वकिलाच्या फीमध्ये गेलेले असतात.

पण हाच कायदा दुसऱ्या हाताने काय देतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. याच अधिनियमाच्या कलम १३ मध्ये दोन प्रकारच्या अर्जदारांविषयी 'परवाना द्यावा' अशी भाषा आहे. एक, वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी वा खेळासाठी मागणारा, अथवा पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणारा नागरिक. दोन, मान्यताप्राप्त रायफल क्लबचा सदस्य असलेला आणि नेमबाजीच्या सरावासाठी ०.२२ बोअरची रायफल किंवा एअर रायफल मागणारा नागरिक. अर्जदार अपात्र असेल, त्याच्यापासून सार्वजनिक शांततेला धोका असेल, तर परवाना नाकारण्याचा अधिकार शासनाला आहेच आणि तो असलाच पाहिजे. पण प्रामाणिक शेतकऱ्याला आणि प्रामाणिक नेमबाजाला कायद्याने दार उघडे ठेवले आहे. परवान्यासाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. त्याखालील मुलांना प्रशिक्षणात, देखरेखीखाली, शस्त्र हाताळता येते. २०१६ च्या नियमांनी परवान्यापूर्वी सुरक्षा प्रशिक्षणाचीही अट घातली आहे. या अटीविषयी अनेकजण कुरकुर करतात. मला विचाराल तर त्या नियमावलीतील सर्वांत शहाणपणाची अट तीच आहे.

नवशिक्याला सेमी-ऑटोमॅटिक का नको?

समजा, कायद्याची आडकाठी नाही. तरीही नवशिक्याने सेमी-ऑटोमॅटिकपासून दूरच राहावे, असे मी म्हणेन. आणि त्याची कारणे भित्रेपणाची नाहीत, विद्येची आहेत.

बोल्टच्या रायफलीत प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट मागे ओढावा लागतो, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत सरकवावे लागते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे काम रायफल आपण होऊन करते. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि दुसरी नळीत तयार होऊन बसते. युद्धात हा गुण आहे. शिकणाऱ्याच्या हातात हाच गुण अवगुण होतो. 'मी बार काढला, आता बंदूक रिकामी' अशी नवशिक्याच्या मनाची समजूत असते, आणि नळीत मात्र पुढची गोळी वाट पाहत असते. बंदूक साफ करताना, कोणाला दाखविताना, गाडीत ठेवताना होणाऱ्या अपघातांचे मूळ बहुधा 'रिकामी असेल' या गृहीतातच असते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. बार होण्याच्या क्षणी नवशिका दचकतो, डोळे मिटतो, चाप हिसक्याने ओढतो. हा दोष जोवर जात नाही, तोवर नेम बसत नाही. एकच काडतूस भरणाऱ्या रायफलीत प्रत्येक गोळीपूर्वी थांबावे लागते, श्वास सोडून स्थिर व्हावे लागते आणि चुकलेल्या गोळीचा हिशेब स्वतःला द्यावा लागतो. पाठोपाठ दहा गोळ्या झाडता येऊ लागल्या की दोष झाकला जातो, सुधारत नाही.

खात्री हवी असेल तर आपल्याच महाराष्ट्रातील विजेत्यांकडे पाहावे. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. या दोन्ही प्रकारांत वापरली जाते ती ०.२२ बोअरची, एका वेळी एकच काडतूस भरण्याची रायफल. जगातील श्रेष्ठ नेमबाज एका गोळीवर समाधान मानतात आणि आपल्या गुंजवणी खोऱ्यातील मुलाला पहिल्याच दिवशी दहा हव्यात!

म्हणून त्या तरुणाला मी सांगितलेले उत्तर असे होते. पहिली रायफल म्हणजे ४.५ मिलिमीटरची, म्हणजे ०.१७७ बोअरची एअर रायफल. २० ज्यूलच्या मर्यादेतील अशा रायफलीला परवाना लागत नाही. तीही विकत घेण्याची घाई नको. आधी क्लबच्या रायफलीवर शीक. आपल्या कोणत्या डोळ्याचा नेम प्रबळ आहे ते पाहा. दस्ता खांद्याला लावल्यावर मान न वाकवता डोळा आपोआप माशीच्या रेषेत येतो का, ते पाहा. पाच मिनिटे धरून हात थरथरू लागला तर ती रायफल तुझ्यासाठी जड आहे. महागडी असली तरी ती घेऊ नको. दहा मीटरवरील निशाण्यात दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो ठिपका तुला जवळचा वाटू लागला की मग क्लबचा सदस्य म्हणून ०.२२ च्या एकबारी रायफलीचा विचार कर. आणि ०.२२ ला खेळणे समजू नको. तिची गोळी मैलभर अंतरापर्यंत जाऊ शकते. त्याआधी चार गोष्टी तोंडपाठ नव्हे, अंगवळणी पडल्या पाहिजेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजणे. जे नष्ट करायचे नाही त्यावर नळी कधीही न रोखणे. नेम धरेपर्यंत बोट चापापासून दूर ठेवणे. आणि निशाण्याच्या मागे काय आहे हे पाहिल्याविना बार न काढणे.

मावळाची खरी परंपरा

येथे कोणी म्हणेल, 'अहो, हा मावळ आहे. येथे बाजीप्रभू जन्मले, येथे कान्होजी जेधे झाले. आम्हाला शिस्त कसली शिकविता?' अगदी बरोबर. म्हणूनच शिस्तीची गोष्ट येथेच सांगितली पाहिजे.

भोर तालुका म्हणजे हिरडस मावळ आणि रोहिड खोरे. वेल्हे, ज्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तो तोरणा आणि राजगड अंगाखांद्यावर वागविणारा तालुका. १६६० च्या आषाढात घोडखिंडीत उभे राहिलेले बांदलांचे मावळे याच डोंगरातले. ते केवळ शूर होते म्हणून ती खिंड लढली गेली काय? शौर्य तर पराभूत झालेल्या अनेक सैन्यांतही होते. इशारतीची तोफ होईपर्यंत जागा सोडायची नाही, ही आज्ञा शेवटच्या माणसापर्यंत पाळली गेली, म्हणून ती खिंड पावन झाली.

शिवछत्रपतींचे चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात पराक्रमाच्या गोष्टी नाहीत. गवताच्या गंजीजवळ आगटी करू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सारे भस्म होईल, रयतेला उपद्रव देऊ नका, अशा सूचना आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही दारूखाना वस्तीपासून वेगळा कसा राखावा याची काळजी वाहिलेली दिसते. उंदराने ओढून नेलेल्या वातीचा विचार करणारा राजा आपला आदर्श. आणि आपण वरातीत हवेत गोळीबार करणाऱ्याला 'वाघ' म्हणायचे? २०१९ पासून अशा आनंदाच्या गोळीबारालाही दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. वर गेलेली गोळी कोणाच्या तरी अंगणात खाली येते, एवढे साधे गणित समजायला कायद्याची गरज पडावी, हेच लाजिरवाणे आहे.

ज्यांना शस्त्राचा वास सहन होत नाही

दुसरी बाजूही स्पष्टपणे मांडली पाहिजे. आपल्याकडील तथाकथित पुरोगामी मंडळींना दसऱ्याच्या पाटावरील तलवार दिसली की हिंसाचाराचा वास येतो. ग्रामीण तरुणाने नेमबाजी शिकावी असे आपण म्हटले की अग्रलेख तयार असतात. महानगरातील क्लबमध्ये उद्योगपतीच्या मुलाने रायफल हाती घेतली तर तो 'खेळ', आणि वेल्ह्याच्या मुलाने घेतली तर ते 'सैनिकीकरण'! ही कुठली समता?

यांना थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १८७८ साली लिटनच्या राजवटीने ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्रकायदा लादला. त्याच वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांचा गळा दाबणारा कायदाही आला. एका वर्षात लेखणी आणि शस्त्र दोन्ही हिसकावण्याचा तो डाव होता. भोर हे संस्थान असले तरी त्याच्या चहूबाजूंना हाच अंमल होता. या कायद्याला विरोध केवळ क्रांतिकारकांनी केला असे नाही. गांधीजींनी जानेवारी १९३० मध्ये व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणार्थ, लोकनियंत्रणाखाली, शस्त्रपरवाने देण्याची मागणी होती. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदविला. पुढे राज्यघटनेत तो मूलभूत हक्क म्हणून आला नाही, आणि घटनेचा तो निर्णय आपल्याला शिरोधार्य आहे. पण अहिंसेचे नाव घेऊन ग्रामीण तरुणाच्या शस्त्रशिक्षणाला नाक मुरडणाऱ्यांनी आधी साबरमतीचे कागद वाचावेत.

स्वातंत्र्योत्तर काळातील धडा तर याहून कठोर आहे. १९६२ साली आपले जवान बोल्टच्या .३०३ रायफली घेऊन हिमालयात उभे होते आणि समोरच्या चिनी सैनिकांच्या हाती सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रे होती. त्या आघातानंतर आपल्याकडे ७.६२ ची स्वयंभरण रायफल, म्हणजे एसएलआर, इशापूरच्या कारखान्यातून सैन्याला मिळू लागली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत पोलिसांना .३०३ घेऊन एके-४७ ला तोंड द्यावे लागले, आणि जावळी तालुक्यातील केडंब्याच्या तुकाराम ओंबळे यांनी लाठीनिशी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. तेव्हा सेमी-ऑटोमॅटिक शस्त्राचे स्थान कोठे आहे, हे इतिहासाने दोनदा सांगितले आहे. ते स्थान सीमेवरील जवानाच्या आणि नाक्यावरील पोलिसाच्या हातात आहे. तेथे कंजुषी नको आणि विलंब नको. नवशिक्याच्या कपाटात मात्र ते नको. ज्या तरुणाला खरोखरच ती रायफल चालवायची ओढ आहे, त्याच्यासाठी सैन्यभरतीचा रस्ता मोकळा आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी तर सिंहगडाच्या पलीकडे, खडकवासल्यालाच आहे.

रात्रीची राखण कोण करणार?

त्या तरुणाच्या प्रश्नाला चित्रपटापलीकडचे एक कारणही होते. बोलता बोलता ते बाहेर आले. दोन खाचरे भात रानडुकरांनी एका रात्रीत लोळविले होते. माळ्यावर बसून डबा वाजवायचा आणि फटाके उडवायचे, यापलीकडे त्याच्या घरच्यांच्या हाती काही नव्हते. शेतकऱ्याची ही वेदना खरी आहे. तिची थट्टा करण्याचा अधिकार पुण्याच्या बंगल्यात इंद्रायणी तांदळाचा भात जेवणाऱ्या कोणालाही नाही.

पण तेथेही रायफल हे उत्तर नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे. रानडुक्कर त्याच्या संरक्षणाखाली येते, आणि पीकनुकसानीसाठी मारायचे झाले तर वनखात्याची परवानगी लागते. रात्रीच्या अंधारात, वाडीवस्तीच्या कुशीत, दूर पल्ल्याची गोळी झाडणे म्हणजे शेजाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. म्हणूनच कायद्याने पीकरक्षणासाठी ठासणीची वा गुळगुळीत नळीची बंदूक सांगितली. परंतु प्रामाणिक शेतकऱ्याचा अर्ज जेव्हा टेबलावरून टेबलावर फिरत राहतो आणि भात कापून, झोडून, विकून होईपर्यंत उत्तर येत नाही, तेव्हा काय होते? कोणी कुंपणात वीज सोडतो, आणि डुकराऐवजी माणूस दगावल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. कोणी गावठी बॉम्ब पेरतो आणि गाईचा जबडा फाटतो. ज्या गोमातेची आपण पूजा करतो, तिची ही दशा शासनाच्या दिरंगाईमुळे आणि आपल्या अविवेकामुळे होते. कायदेशीर दार वेळेवर उघडले नाही की बेकायदा खिडक्या उघडतात, हा साधा नियम आहे.

मागणी आणि कर्तव्य

शासनाकडे आपल्या मागण्या मोजक्या आहेत. पीकरक्षणाचे अर्ज हंगामापूर्वी निकाली काढावेत. नाकारायचे तर कारण लिहून नाकारावेत. रेंज म्हटली की डोंगरातील मुलाला पुण्याची, बालेवाडीची वाट दाखविली जाते. एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडणारा मुलगा नेमबाज कसा होणार? भोर आणि वेल्हे येथे प्रत्येकी एक दहा मीटरची एअर रायफल रेंज उभी करावी. त्यासाठी स्टेडियम लागत नाही. शाळेचे एक सभागृह, गोळी अडविणारी भक्कम भिंत, चांगला उजेड, चार रायफली आणि एक कडक प्रशिक्षक पुरतो. कांबळवाडीचा मुलगा ऑलिंपिकला जातो, तर कारीचा किंवा केळदचा का जाऊ नये?

पण केवळ शासनाकडे बोट दाखविणे हा आपला स्वभाव नव्हे. डॉ. मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल सुरू केले, तेव्हा परक्यांचे राज्य होते. त्यांनी अनुकूल सरकारची वाट पाहिली नाही. आपल्या गावांत निवृत्त जवान आहेत. सुभेदार, हवालदार म्हणून आयुष्य काढलेली ही माणसे आज पारावर बसून आहेत. त्यांना सन्मानाने बोलवावे, संस्थेची नोंदणी करावी, क्लबची मान्यता मिळवावी, मुलांबरोबर मुलींनाही शिकवावे. उत्सवाच्या फलकांवर बंदुका घेतलेली छायाचित्रे छापण्यात जो पैसा जातो, त्यात एका रायफलीची किंमत सहज निघेल. आणि पालकांनो, मुलगा कोयता घेऊन रील काढतो तेव्हा 'पोरगं धाडसी आहे' म्हणून हसू नका. ते धाडस नव्हे. तो पोलिस ठाण्याकडे जाणाऱ्या रस्त्याचा पहिला मैलाचा दगड आहे.

त्या दिवशी निघताना त्या तरुणाने पाटावरची आजोबांची ठासणीची बंदूक उचलली आणि गंमत म्हणून माझ्याकडे रोखली. मी काही बोलण्याआधीच कोपऱ्यात बसलेले एक निवृत्त हवालदार गरजले, "नळी खाली! जमिनीकडे!" तो ओशाळला. बंदूक रिकामी होती, कदाचित चाळीस वर्षे रिकामी होती. हवालदारसाहेबांनी ती त्याच्या हातून घेतली, नळी जमिनीकडे ठेवून कशी धरायची ते दाखविले, मग पुन्हा त्याच्या हाती दिली आणि म्हणाले, "आता धर."

शस्त्रविद्येचा पहिला पाठ त्या अंगणात झाला. खरी शस्त्रपूजा तीच.